मराठी पुस्तकाचं पान लावताना: ओळींमधली जागा, समास आणि लांबलचक शब्द

अक्षररेषा | रविवार, २१:१०

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे लेखक आता बरेच आहेत, आणि त्यातले कितीतरी जण पानंही घरीच लावतात. मजकूर युनिकोडात टाइप केलेला असतोच. तो सॉफ्टवेअरात ओतायचा, पीडीएफ काढायची आणि छापखान्यात पाठवायची. पुस्तक हातात आलं की वाचताना काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. अशी पुस्तकं मी दुरुस्तीसाठी पाहतो तेव्हा बहुतेक वेळा एकच कारण सापडतं: सॉफ्टवेअर आपणहून जी मापं देतं ती इंग्रजी ओळीची असतात आणि ती कुणी बदललेली नसतात. मराठी ओळीची उंची वेगळी आणि मराठी शब्दांची लांबीही वेगळी. पान या दोन गोष्टींवरून ठरायला हवं. फॉण्ट आणि मुखपृष्ठाची चर्चा नंतरची.

आधी उंची. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. रेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. अक्षराच्या खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं आणि उभी जोडाक्षरं. म्हणजे एका ओळीला खरं तर तीन मजले लागतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळींमधलं अंतर, म्हणजे लेडिंग, ‘ऑटो’ ठेवलं तर ते टाइपाच्या १२० टक्के येतं. १४ पॉइंटाच्या मजकुराला १६.८. इंग्रजीला ते चालून जातं. मराठीत वरच्या ओळीत ‘समूह’ आणि बरोबर त्याच्या खाली ‘मूर्तींचा’ आला की वरचा ऊकार खालच्या रफारावर आणि अनुस्वारावर आदळतो. कोणताही नवा फॉण्ट हातात आला की मी हेच दोन शब्द एकाखाली एक ठेवून पाहतो. दोघांमध्ये कागद स्पष्ट दिसेपर्यंत लेडिंग वाढवायचं. बहुतेक फॉण्टांना ते टाइपाच्या १४० ते १५० टक्क्यांवर स्थिरावतं. १४ ला २० हे माझं नेहमीचं माप.

पॉइंटाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. कोकिळा फॉण्टचे १४ पॉइंट आणि मुक्ताचे १४ पॉइंट शेजारी ठेवून बघा, कोकिळा कितीतरी लहान दिसतो. मात्रा आणि उकारांसाठी किती जागा राखायची हे प्रत्येक अक्षरकार आपल्या मताने ठरवतो, त्यामुळे मूळ अक्षर लहानमोठं होतं. म्हणून प्रिंट काढून शिरोरेषेपासून ‘क’च्या दांड्याच्या टोकापर्यंत मोजपट्टी लावायची. मोठ्यांच्या पुस्तकाला अडीच ते तीन मिलिमीटर मला योग्य वाटतं. पन्नाशीपुढचा वाचक गृहीत धरला असेल तर तीनच्या खाली जाऊ नये.

आता लांबी. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हिंदीत ‘नगर पालिका के लिए’ असे सुटे तुकडे असतात. आपण ‘नगरपालिकेसाठी’ असं एकत्र लिहितो. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात आणि ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’, ‘स्वातंत्र्यपूर्वकाळातल्यासारखं’ असे शब्द अगदी साध्या गद्यातही येतात. ओळ दोन्ही बाजूंनी सरळ करायची, म्हणजे जस्टिफाय करायची, तर उरलेली जागा शब्दांमधल्या फटींत वाटावी लागते. शब्द लांब म्हणजे ओळीत फटी कमी, आणि फटी कमी म्हणजे प्रत्येक फट रुंद. अशा पाच-सहा ओळी लागोपाठ आल्या की पानावर पांढरे ओहोळ उतरलेले दिसतात. म्हणून मराठी ओळीत सरासरी आठ ते दहा शब्द मावायला हवेत. सहाच्या खाली गेलात तर जस्टिफाय करायचा विचार सोडून द्या.

त्यातून सुटायला काही जण अक्षरांमधलं अंतर वाढवायची परवानगी सॉफ्टवेअरला देतात. देवनागरीत हे कधीही करू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जस्टिफिकेशनच्या चौकटीत ‘लेटर स्पेसिंग’ तिन्ही खान्यांत शून्यच हवं.

डेमी आकाराचं, साडेपाच बाय साडेआठ इंचांचं पुस्तक असेल तर माझं गणित असं: मजकुराची रुंदी ४.१ इंच, उंची ७ इंच. ७ इंच म्हणजे ५०४ पॉइंट, २० च्या लेडिंगने २५ ओळी बसतात. समास आतला ०.८, बाहेरचा ०.६, वर ०.७, खाली ०.८.

तुमचे अनुभव, मतभेद, प्रश्न सगळं येऊ द्या.

नवशिका | रविवार, २१:४८

अप्रतिम धागा! एक मूलभूत शंका. समासांचं ते प्रसिद्ध २:३:४:६ प्रमाण सगळीकडे वाचायला मिळतं. आतला सर्वांत कमी, मग वरचा, बाहेरचा आणि खालचा सर्वांत जास्त. तुमचा हिशेब त्याच्या अगदी उलटा दिसतो. का?

अक्षररेषा | रविवार, २२:३०

चांगला प्रश्न. यान चिखोल्ड या जर्मन मुद्राकाराने मध्ययुगीन हस्तलिखितं आणि सुरुवातीची छापील पुस्तकं मोजून ते प्रमाण मांडलं. पानाची रुंदी आणि उंची २:३ असते तेव्हा ते फार देखणं बसतं, आणि समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र आहे हा त्यामागचा विचार आजही पक्का आहे. दोन्ही आतले समास एकत्र दिसतात, म्हणून प्रत्येकी निम्मा पुरतो.

पण डेमीवर ते लावून बघू. रुंदीचा नववा भाग आत, दोन नवमांश बाहेर, म्हणजे मजकुराला साधारण ३.६७ इंच रुंदी आणि ५.६७ इंच उंची उरते. पानाचा जेमतेम ४४ टक्के भाग छापला जातो. कागदाचा खर्च बाजूला ठेवला तरी ३.६७ इंचांत १४ पॉइंटाचे मराठी शब्द सात-आठच मावतात आणि ओहोळ सुरू होतात. शिवाय आतला समास ०.६१ इंच होतो. शिवलेलं पुस्तक टेबलावर सपाट उघडतं, त्याला तेवढा पुरेल. आपल्याकडे बहुतेक पुस्तकं परफेक्ट बायंडिंगची, म्हणजे पाठीला डिंक लावून चिकटवलेली. ती पूर्ण उघडत नाहीत आणि ओळीचं पहिलं किंवा शेवटचं अक्षर खाचेत जातं. वाचक अंगठ्याने पुस्तक दाबून धरतो आणि महिन्याभरात पानं सुटतात. त्यामुळे आतल्या समासाचा निर्णय बायंडिंग बघून करायचा.

कवितासंग्रह असेल, शिवून बांधायचा असेल, तर मात्र ते जुनं प्रमाण जरूर वापरून पाहा.

गॅलीप्रूफ | सोमवार, ०७:१५

धागा वाचून खूप बरं वाटलं. माझी उमेदीची वर्षं खिळ्यांच्या, म्हणजे धातूचे सुटे टाइप जुळवून छापणाऱ्या, छापखान्यात गेली, त्यामुळे थोडी भर घालतो.

खिळ्यांच्या काळात तुम्ही सांगता ती टक्कर फारशी होत नसे, कारण धातूवर धातू चढत नाही. अखंड खिळ्यात मात्रेसकट पूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेलं असायचं. डिग्री पद्धतीत वरच्या मात्रा वेगळ्या खिळ्यांनी जोडत. दोन्हीकडे ओळीची उंची त्या धातूनेच ठरवलेली. त्याहून जास्त हवेशीर ओळ हवी असेल तर मध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालायच्या, लेडिंग हा शब्द त्यावरूनच आला. कमी करायची सोयच नव्हती. संगणकावर मालक म्हणतो ‘अजून दोन ओळी बसव’ आणि ऑपरेटर लेडिंग १६ वर आणतो. हे पाप आम्हाला करताच येत नव्हतं.

मुंबईत जावजी दादाजींनी १८६० च्या दशकात आधी टाइपांचा कारखाना आणि मग निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरचं एखादं जुनं संस्कृत पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर मुद्दाम उघडून बघा. वर मूळ श्लोक मोठ्या टाइपात, खाली टीका लहान टाइपात, त्याखाली आणखी बारीक पाठभेद. तीन आकार एकाच पानावर आणि तरी डोळा कुठे अडखळत नाही. तिथे ठळक टाइपाचा मारा नाही, चौकटी नाहीत. आकार आणि मोकळी जागा एवढ्यावर सगळं उभं केलंय. पानाची रचना शिकायची तर मी नव्या माणसाला आधी ते पान समोर ठेवून मोजायला सांगतो.

एका बाबतीत मात्र माझा मतभेद आहे. ओळीच्या शेवटी शब्द तोडायला तुम्ही परवानगी देता की नाही ते लिहिलं नाहीत. आम्ही सर्रास तोडत होतो आणि त्यामुळे फटी सारख्या राहत.

सह्याद्रीवारा | सोमवार, ११:०२

माझं छोटंसं प्रकाशन आहे. सगळं पटतं, पण १४ ला २० लेडिंग म्हणजे पानं वाढणार. कागदाचे भाव बघता हे परवडायचं कसं? वाचक तक्रार तरी कुठे करतो?

अक्षररेषा | सोमवार, १३:२५

@सह्याद्रीवारा, हिशेबच मांडू. समजा १८ लेडिंगने पानाला २८ ओळी बसतात आणि पुस्तक २०० पानांचं होतं. एकूण ५६०० ओळी. २० लेडिंगने २५ ओळी बसल्या तर तोच मजकूर २२४ पानांत जातो. २४ पानं वाढली. तुम्ही १६ पानी फर्म्यात छापता (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं), म्हणजे साडेबाराचे चौदा फर्मे. खर्च वाढतो हे खरंच आहे.

पण साडेबारा फर्मे म्हणजे अर्धा फर्मा वेगळा छापायचा किंवा आठ पानं कोरी सोडायची. आधी अंदाज काढला तर १९ लेडिंगने २६ ओळी बसवून २१६ पानं होतात. प्रत्येक प्रकरण उजव्याच पानावर सुरू करायचा आग्रह सोडला आणि प्रकरणाच्या माथ्यावर अर्धं पान कोरं ठेवायची सवय थोडी आवरली तर २०८ पानांत, नेमक्या तेरा फर्म्यांत, पुस्तक बसवता येतं. बचत करायची तर ती अशा जागी करावी. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीवर त्रास देऊन करू नये. आणि वाचक तक्रार करत नाही, तो चाळीस पानांवर पुस्तक ठेवून देतो आणि म्हणतो ‘जड आहे’. त्याचा दोष लेखकाच्या माथी जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

@गॅलीप्रूफ काका, निर्णयसागरबद्दल शंभर टक्के सहमत. शब्द तोडण्याबद्दल: मी तोडतो, पण हाताने. कादंबरीत ४.१ इंचांच्या ओळीला क्वचितच गरज पडते. तोडायचा तर जोड दिसतो तिथे: ‘महानगर-पालिकेच्या’, ‘स्वातंत्र्य-पूर्व’. जोडाक्षर कधीच फोडायचं नाही, आणि एकटं अक्षर ओळीच्या टोकाला किंवा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला सोडायचं नाही. टेक (TeX) ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांसाठी मराठीचे शब्द तोडायचे नियम तयार मिळतात. पण ते अक्षराच्या हद्दीवर तोडतात, सामासिक शब्दाचा जोड त्यांना कळत नाही. शेवटचा हात माणसाचाच लागतो.

तळटीप | सोमवार, १९:४०

वर्तमानपत्रात पान लावायचं काम करतो. आमच्याकडे एका कॉलमात तीन-चारच शब्द मावतात, त्यामुळे वर सांगितलेला सगळा त्रास आम्ही रोज रात्री भोगतो. उपाय रचनेपेक्षा मजकुरात शोधावा लागतो. ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत’ हे एका कॉलमात टाकलं की दुसऱ्या ओळीत एकच शब्द आणि भलीमोठी फट. उपसंपादक जवळ असेल तर तो ‘बैठकीत जिल्हाधिकारी म्हणाले’ करून देतो आणि पान सुटतं. तो नसेल तर बातमी दोन कॉलमी करतो. अक्षरं आडवी दाबून ९० टक्क्यांवर आणायची सवय खूप जणांना आहे. तसं केलं की उभे दांडे बारीक होतात, आडवी शिरोरेषा आहे तेवढीच जाड राहते, आणि तो परिच्छेद पानावर वेगळाच काळा दिसतो.

मथळ्यांबद्दल एक. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांनी दर्जा दाखवता येतो, इटॅलिकने वेगळेपण दाखवता येतं. आपल्याकडे कॅपिटल नाहीतच, आणि तिरपी केलेली देवनागरी ही बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने ढकललेली सरळ अक्षरं असतात. आपल्या हातात उरतं काय? आकार, जाडी आणि जागा. पण फार जाड टाइपात ‘क्ष’, ‘ण’, ‘ज्ञ’ यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात, म्हणून मी लहान मथळ्याला ठळकपेक्षा एक पायरी कमी जाडी घेतो आणि वर अर्धी ओळ जागा जास्त सोडतो. उपशीर्षक खालच्या मजकुराला जवळ आणि वरच्या मजकुरापासून लांब असायला हवं. ही साधी गोष्ट किती पुस्तकांत चुकलेली दिसते!

अक्षररेषा | सोमवार, २०:३२

@तळटीप, मथळ्याच्या जागेबद्दल लिहिलंत ते मोलाचं. त्याला एक जोड: ही जागा लेडिंगच्या पटीत ठेवावी. २० चं लेडिंग असेल तर प्रकरणातल्या उपशीर्षकाने वरची-खालची जागा धरून ४० किंवा ६० पॉइंट व्यापावेत. मग पुढच्या ओळी पुन्हा समोरच्या पानाच्या ओळींच्या रांगेत येतात. इनडिझाइनात ‘बेसलाइन ग्रिड’, म्हणजे ओळींच्या तळरेषांची जाळी, २० वर लावून मजकूर त्याला बांधायचा. आपल्याकडे ७० जीएसएमचा मॅपलिथो कागद सर्रास वापरतात, त्यातून मागची छपाई अंधूक दिसते. पानाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीवर असतील तर ती दिसत नाही. नसतील तर दोन ओळींमधल्या जागेत मागच्या ओळीची सावली येते आणि आपण मुद्दाम सोडलेली जागा मळते.

नवशिका | सोमवार, २२:०५

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? आणि प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं करायचं असेल तर? मी करून पाहिलं तर वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे.

अक्षररेषा | मंगळवार, ०८:५०

इनडिझाइन परवडत असेल तर ते. त्यात परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा आणि भाषा मराठी ठेवा. फुकट हवं असेल तर स्क्रायबस, त्याच्या १.५.३ पासूनच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळते. साधी कादंबरी लिब्रेऑफिसमध्येही उत्तम लागते, फक्त तिथे देवनागरीचा फॉण्ट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स’ लिपीच्या वेगळ्या खान्यात द्यावा लागतो. भाषा मराठी ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. युनिकोडात मराठीची आणि हिंदीची ही अक्षरं एकाच जागेवर आहेत. मराठी वळण हवं असेल तर फॉण्टात ते असावं लागतं आणि मजकुरावर मराठीची खूण असावी लागते. टिरो देवनागरी मराठी या फॉण्टात ती वळणं आधीपासूनच दिलेली आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मराठीसाठीच केलेला, तोही जरूर वापरून बघा.

मोठ्या अक्षराचं असं आहे की सॉफ्टवेअर युनिकोडातली चिन्हं मोजतं, आपण अक्षर वाचतो. ‘किनारा’ शब्दाचं पहिलं अक्षर ‘कि’, पण सॉफ्टवेअरला ते ‘क’ आणि वेलांटी असे दोन दिसतात. ड्रॉप कॅपच्या खान्यात २ लिहा. ‘क्षितिज’ असेल तर क, हलन्त, ष, वेलांटी मिळून ४. मग उंची. इंग्रजीत मोठ्या अक्षराचा माथा पहिल्या ओळीच्या माथ्याशी जुळवतात. आपल्याकडे मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळायला हवी, वेलांटी तिच्या वर जाऊ द्या. दोन रेषा एका पातळीत आल्या की तो शब्द अखंड वाचला जातो. सॉफ्टवेअर हे आपणहून करत नाही, बेसलाइन हाताने वरखाली सरकवावी लागते. एवढा वेळ नसेल तर मोठं अक्षर करूच नका. पहिला परिच्छेद समासाला चिकटून सुरू केला तरी प्रकरणाची सुरुवात कळते.

जास्वंद | मंगळवार, १५:१८

सुंदर चर्चा, वाचनखूण साठवली आहे. मी अभंगांचं एक छोटं संकलन करते आहे. सगळे ‘मध्यभागी’ करून टाकले तर काय बिघडतं? आणि दंड (।), आकडे कुठे ठेवायचे?

गॅलीप्रूफ | मंगळवार, १७:३०

जास्वंदताई, मध्यभागी करू नका. प्रत्येक ओळीची सुरुवात वेगळ्या जागी होते आणि डोळ्याला दर वेळी ती शोधावी लागते. आम्ही चरणांची डावी कड एका रेषेत धरायचो आणि अख्खा अभंग उचलून पानाच्या मधोमध ठेवायचो. मधोमध कसा, तर नेहमीच्या लांबीच्या ओळीवरून. एखादीच फार लांब ओळ असेल तर तिच्यावरून ठरवलं की बाकीचा अभंग डावीकडे कलंडलेला दिसतो. ती ओळ उजवीकडे थोडी बाहेर गेली तरी चालते.

अक्षररेषा | मंगळवार, २०:०५

काकांनी नेमकं सांगितलं. दंड आणि आकड्यांपुरतं माझं: गद्यात आपण पूर्णविराम वापरतो, अभंगात दंड ठेवा, कारण तो चरणाच्या रचनेचा भाग आहे. चरणाचा शेवटचा शब्द आणि दंड यांच्यामध्ये साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा घाला, नाहीतर एकटा दंड पुढच्या ओळीत जाऊन बसतो. ॥१॥, ॥२॥ हे आकडे शब्दांच्या मागोमाग न लावता उजव्या बाजूला टॅबने एका उभ्या रेषेत आणा. चरण ओळीत मावत नसेल तर यतीच्या, म्हणजे म्हणताना थांबतो त्या, जागी तोडा आणि उरलेला भाग दोन अक्षरांइतका आत घ्या, म्हणजे तो नवा चरण वाटणार नाही. आणि एक अभंग दोन पानांवर विभागायची वेळ आली तर निदान समोरासमोरच्या पानांवर विभागा. पान उलटल्यावर धृपद डोळ्यांसमोरून जातं.

लेडिंग इथे गद्यापेक्षा थोडं जास्त, १४ ला २२ घ्या. ओळी आखूड असतात आणि मोठ्याने म्हणायच्या असतात. पुस्तक मांडीवर असतं किंवा समोर चौरंगावर, डोळ्यापासून लांब. एक पान प्रिंट करून तेवढ्या अंतरावर ठेवून म्हणून बघा आणि मग आकडा पक्का करा.